उतारावरचं घर

(दृश्य: आषाढातली सकाळ. त्र्यंबकचा रस्ता, समोर ढगात बुडालेली अंजनेरी.)

जून संपत आला की अंजनेरी दिसेनाशी होते. ढग खाली उतरतो आणि डोंगराबरोबर पाड्यावरची घरंही त्यात मिसळून जातात. काही घरं मात्र ढगातूनही डोळ्यांत खुपतात. पांढरीशुभ्र, चौकोनी, थेट कड्याच्या धारेवर उभी. अशाच एका घराचा नकाशा मी काढलाय.

मालकांना खोलीतून धरणाचं पाणी दिसायला हवं होतं. मी सपाट जागा करायला पोकलेन लावला. चार दिवसांत उतार कापून झाला, निघालेला मुरूम खाली ढकलला. पहिल्याच जोराच्या पावसात तो खालच्या भातखाचरात जाऊन बसला. लावणी नुकतीच आटोपली होती. खाचराचे मालक, वयस्कर काका, फावड्यानं मुरूम ओढत होते. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पाणी आपल्या जुन्या वाटेनंच येतं."

तेव्हापासून मी जागा बघायला भर पावसातच जाते. उन्हाळ्यात प्लॉट कोरा दिसतो. पावसात कळतं, ओहोळ कुठून उतरतो, पाणी कुठे थबकतं, कातळ कुठे उघडा पडतो.

(दृश्य: घाटमाथ्याचा पाऊस, मग येवल्याकडची कोरडी रानं.)

नाशिक जिल्हा एक, पण पाऊस एक नाही. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, तर सिन्नर, येवल्याकडे ५००-६०० च्या आसपास. म्हणून पूर्वेला मातीची सपाट धाबी होती आणि पश्चिमेला उतरती छपरं. एकच नकाशा दोन्हीकडे बसवायचा म्हणजे एकीकडे तरी घर गळणार, नाहीतर तापणार.

(दृश्य: पाड्यावरचं कुडाचं घर. आजी ओटा सारवताहेत.)

हे घर जवळून बघा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप. खाली काळ्या दगडाचं जोतं, गुडघाभर उंच. छपराची वळचण भिंतीच्या इतकी पुढे आलीय की दारात उभं राहायचं तर वाकावं लागतं. पागोळ्या पडतात तिथे जमिनीवर खळग्यांची सरळ रांग उमटलीय. ती रांग भिंतीपासून हातभर लांब आहे, म्हणून ही मातीची भिंत इतके पावसाळे टिकली. मी विचारलं, "आजी, पश्चिमेला खिडकी का नाही?" सारवता सारवता त्या म्हणाल्या, "तिकडून पाऊस मारतो ना बाई." माझ्या त्या घराला पश्चिमेला दहा फुटांची काच होती.

पण शहरातून यायचं आणि पाड्यावरच्या माणसांना सांगायचं की तुमची कुडाची घरं तशीच जपा, हे मला अन्यायाचं वाटतं. दरवर्षी कौलं शाकारायची, माकडांनी फोडली की पुन्हा चढायचं, कारवी आणायला रान तुडवायचं. हे कष्ट त्यांनी का सोसावेत? पक्कं घर हवं, हे म्हणणं खरंच आहे. घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर मिळतं. माझं म्हणणं त्या २५ चौरस मीटरांबद्दल आहे. तेवढ्यात स्लॅब बसतो, पण पडवी बसत नाही. मग भात वाळवायचा कुठे, टोपल्या विणायच्या कुठे, संध्याकाळी टेकायचं कुठे? भिंती विटांच्या असू द्या, पण पुढे पडवी काढा आणि वळचण तीन फुटांची ठेवा. आमचं शिक्षण इथे उपयोगी पडायला हवं.

मातीच्या घरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वास्तुरचनाकार दीदी कॉन्ट्रॅक्टर लग्नानंतरची काही वर्षं नाशकात राहिल्या होत्या. पुढे हिमाचलातल्या कांगड्यात त्यांनी तिथलीच माती, तिथलाच बांबू, तिथलीच स्लेट वापरून घरं बांधली. ती स्लेटची छपरं इथे आणायची गरज नाही. आपल्याकडे काळा दगड आहे, मंगलोरी कौल आहे, दगड घडवणारे हात अजून आहेत.

(दृश्य: बांधकाम चालू असलेलं घर. मिस्त्री सुतळी ताणताहेत.)

हे सध्याचं काम. घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवलीय, म्हणून खोदाई थोडक्यात भागली. जमीन तोडून एका पातळीत आणली नाही. स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्यांमध्ये चार पायऱ्या आहेत. छपराचं आढं डोंगराच्या धारेच्या खाली राहतं. खालच्या रस्त्यावरून वर बघितलं तर घरामागे डोंगरच दिसतो, आकाश नाही. मोहाचं झाड होतं तिथेच आहे. त्याच्यासाठी पडवीला खाच दिली.

सगळ्यात जास्त वाद झाला कुंपणावरून. मालकांना सहा फुटी भिंत हवी होती. उताराला आडवी भिंत म्हणजे धरणच. पाणी तुंबतं, एका कोपऱ्यातून फुटतं आणि शेजाऱ्याचं खाचर घेऊन जातं. शेवटी निरगुडीचं कुंपण ठरलं, मध्ये सुटे दगड रचलेला बांध, त्यातून पाणी झिरपतं.

वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आम्ही हातही न लावता सोडला. उन्हाळ्यात तो नुसता ओसाड कातळ वाटतो, म्हणूनच लोक तिथे गाड्या लावायला सपाट करतात. पण असल्याच कातळांवर श्रावणात रानफुलं येतात. कंदीलपुष्पाच्या एका जातीचं नावच अंजनेरीवरून आहे, सिरोपेजिया अंजनेरिका.

(दृश्य: पहिला मोठा पाऊस. निवेदन थांबतं, फक्त आवाज. पुन्हा सुरू.)

वळचणीवरून पागोळ्या लागल्या. भिंत कोरडी आहे. ओहोळ पडवीखालच्या मोरीतून निघाला, मोहाला वळसा घालून बांधातून झिरपत खाली गेला. खाचरात चिखलणी चालू आहे. पाण्यात मुरूम नाही.