आडव्या पडलेल्या फणसाचा गोठा

नमस्कार मंडळी! माझ्यामागे हा गोठा दिसतोय ना, याचं लाकूड ३ जून २०२० ला आमच्या परड्यात आडवं झालं. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकलं त्या दिवशी. मोठा फणस, मुळासकट.

ओंडका वखारीपर्यंत न्यायला ट्रक परड्यात शिरत नव्हता. मग जागेवरच फळ्या कापायला चेनसॉला लावायची लोखंडी चौकट आणली. पहिला काप सरळ यावा म्हणून ओंडक्यावर चक्क घरची शिडी ठोकली आणि चौकट तिच्यावरून सरकवली. पुढचे काप आधीच्या सपाटीवरून. साखळी मात्र उभ्या कापाची, रिपिंगची घ्या. नेहमीच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, हिचे १० अंशांत. भुसा हळदीसारखा पिवळा उडतो, कपड्यांची आशा सोडा.

एक मधेच सांगतो. फणस, आंबा, ऐन, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपलं असलं तरी करवत लावण्याआधी वनखात्यात विचारा.

आता इकडे या. ही फट बघा, बोट जातंय आरपार. ओल्या फळ्या कडेला कड भिडवून मारल्या, होळीपर्यंत ही दशा. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. आठ इंची फळी सुकताना पाव इंच सहज जाते. इंचभर जाडीला वर्षभर सुकवण, हा जुना हिशोब. सुकवायला रचताना फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या रिपा, टोकांना रंग, वर पत्रा, आणि बाजूंनी वारा मोकळा.

पण गाय वर्षभर थांबते का? खांब आणि वासे ओलेच चढवले. जाड लाकडाला तेवढं चालतं. फक्त खांब मातीत पुरले नाहीत, जांभ्याच्या चिऱ्यावर उभे केलेत. बाहेरचं पांढरं लाकूड आधीच तासून टाकलं, भुंगा तिथूनच सुरुवात करतो.

पावसाच्या बाजूला शहाणपण आलं. तिथे वरची फळी खालचीवर दीड इंच चढवलीय आणि खिळा असा वर मारलाय, की तो खालच्या फळीत जातच नाही. प्रत्येक फळी आपापली आटायला मोकळी.

फटींची बाजू तशीच ठेवलीय. गाईला वारा लागावा म्हणून मुद्दाम सोडल्यात, असं बाबा पाहुण्यांना सांगतात.