गाडी परतीच्या वाटेसाठी बांधायची

मंडळी, शिकारीसाठी आणि रानवाटांसाठी गाडी तयार करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती इंच उचलायची? मी त्या प्रश्नाकडे शेवटी येणार आहे. शिकारीची गाडी पहाटे निघते तेव्हा रिकामी असते, जमीन कोरडी असते, चालवणारा ताजा असतो. परतते तेव्हा मागे शंभर-दीडशे किलोंचं जनावर असतं, अंधार पडलेला असतो आणि मधल्या वेळात कधी पाऊसही होऊन गेलेला असतो. गाडीतला प्रत्येक बदल मी या परतणाऱ्या गाडीकडे बघून ठरवतो.

सुरुवात टायरपासून. सलग एक्सलच्या गाडीत, म्हणजे जिथे दोन्ही चाकं एकाच दांड्याला असतात तिथे, डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा सगळ्यात खाली लोंबतो. बॉडी कितीही वर न्या, तो गोळा जागचा हलत नाही, कारण तो चाकांबरोबर असतो. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही निम्म्यानेच. ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातला, तर गोळा १ इंचच वर जातो. त्या १ इंचासाठी ब्रेकला जास्त जोर लागतो आणि इंजिन जड वाटायला लागतं. मूळचा टायर २९ इंची आणि क्राउन-पिनियन, म्हणजे त्या गोळ्यातली गिअरची जोडी, ३.७३ गुणोत्तराची असेल, तर ३३ इंचीवर तीच ओढ मिळायला गुणोत्तर ४.२४ च्या आसपास न्यावं लागतं. पुढचा आणि मागचा, दोन्ही बदलायचे, आणि दोन्ही एकाच गुणोत्तराचे. हा खर्च टायरच्या किमतीत कुणी धरत नाही.

म्हणून टायर मोठा करण्याआधी आहे त्या टायरातली हवा कमी करून पाहा. रस्त्यावर ३२ पाउंड (पीएसआय) असेल तर खडकाळ वाटेवर १८-२०, मऊ वाळूत १५. टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला धरून बसतो आणि गाडीतल्या माणसांची हाडंही वाचतात. साध्या रिमवर १० च्या खाली जाऊ नका. वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. परतताना मागे वजन असेल तर मागच्या टायरांत दोन-तीन पाउंड जास्त ठेवा. आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची, मग वेग घ्यायचा, नाहीतर कमी हवेचा टायर बाजूच्या भिंतीत तापून फुटतो. त्यामुळे माझ्या यादीत पहिली खरेदी कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा प्रेशर गेज.

आता लॉकर, म्हणजे डिफरन्शियल बांधून टाकणारी यंत्रणा. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण गैरसमज फार आहेत. 'हवेत लटकलेलं चाक सगळी ताकद खातं,' असं म्हणतात. पण तसं होत नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क) देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढंच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो, मग ज्याला पकड आहे ते गाडी ओढतं. पण ओल्या, आडव्या उतारावर मागचा एक्सल लॉक असेल तर दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची शेपटी दरीकडे सरकते. परतीच्या वाटेवर नेमकं हेच वाट्याला येतं. म्हणून मी बटणावर चालूबंद होणारा लॉकर सांगतो, आपोआप लागणारा नाही.

मागच्या पाट्यांचंही असंच. दीडशे किलोंसाठी कायमचे कडक पाटे घातले, तर रिकामी गाडी दगडांवर उडत राहते. हलक्या पाट्यांना जोडीला हवेच्या फुग्याचा आधार द्या. वजन आलं की हवा भरायची, उतरलं की सोडायची. जनावर टपावर बांधू नका, आडव्या उतारावर तेच गाडी उलटवतं. बंपरमागे जोडायची सामानाची जाळी सोयीची खरी, पण ओढ्यातून वर चढताना तीच आधी टेकते.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, घेताना भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. गाडी २४०० किलो असेल तर विंच ३६०० किलोंची. तो आकडाही ड्रमवरच्या पहिल्या थरापुरता. दोर जितका गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. कप्पी लावली की ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. एक गोष्ट कळकळीने सांगतो: ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून गाडी ओढू नका. तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, त्याने माणसं मेली आहेत. चेसिसला बोल्ट केलेले हुकच वापरायचे.

राहिली उंची. मी माझी पहिली गाडी सगळ्यात आधी ४ इंच उचलली होती. पुढच्या एक्सलचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकांचा कल) बिघडला आणि स्टिअरिंग रस्त्यावर भरकटायला लागलं. एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन वाढून त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, वाजायला लागले, आणि एका खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेलं तेव्हा ब्रेकचा होज ताणून तुटायच्या बेतात होता. टायर मडगार्डला घासत नाही एवढीच उंची पुरे. बऱ्याचदा मडगार्ड कापूनच काम भागतं.

शिकारीपुरतं थोडं वेगळं. सैल जॅक, खडखडणारा हुक, लोखंडी डबा, सगळं पट्ट्याने आवळा, कारण जनावर इंजिनाआधी हा खणखणाट ओळखतं. बंदूक रिकामी करून, कुलूपबंद पेटीत. वाळलेल्या उंच गवतात गाडी उभी करू नका, सायलेन्सरची लाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वणवा लावू शकतात. पाण्यातून जायचं असेल तर एक्सलचे ब्रीदर, म्हणजे हवा आतबाहेर जायची तोंडं, पाइप लावून वर न्या. तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी ओढून घेतो.

हंगामाआधी मागे दीडशे किलो वाळूची पोती टाका आणि ओळखीच्या वाटेवर रात्री एक फेरी मारा. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत असतील तर मागची बाजू बसली आहे, आधी ती दुरुस्त करा. विंचच्या पैशांचं नंतर बघू.