चुवाश: एका अर्जावर टिकलेली भाषा

[दृश्य: व्होल्गाकाठचं चेबोक्सारी शहर. दोन भाषांतल्या पाट्या.]

चेबोक्सारी ही रशियातल्या चुवाशिया प्रजासत्ताकाची राजधानी. चुवाश लोकांच्या भाषेत, म्हणजे चुवाशमध्ये, तिचं नाव शुपाश्कार. पाटीवर ते आहे. दुकानात, कचेरीत मात्र रशियनवर सगळं भागतं.

चुवाश तुर्की कुळातलीच, पण शाखा वेगळी, आणि त्या शाखेत दुसरी भाषा जिवंत नाही. तुर्कस्तानात नऊला 'दोकुझ' म्हणतात, इथे 'ताख्खार'. तिकडे दगड 'ताश', इकडे 'चुल'. 'झ'च्या जागी 'र', 'श'च्या जागी 'ल'.

2002च्या जनगणनेत चुवाश येते म्हणणारे 13 लाखांवर होते, 2010मध्ये साधारण 10 लाख 40 हजार, 2021मध्ये सुमारे 7 लाख. शेवटचा आकडा जपूनच वापरावा, कारण त्या वेळी जमातीचा रकाना कोरा राहिलेले लोक फार होते.

[दृश्य: शाळेचा वर्ग.]

खेड्यातल्या अनेक शाळांत पहिली ते चौथी चुवाशमध्ये. पाचवीला गणित, विज्ञान रशियनमध्ये, म्हणजे शिकलेल्या संज्ञा पुन्हा नव्याने शिकायच्या. शालान्त परीक्षाही रशियनमध्येच. मग आईबाप घरातच रशियन सुरू करतात. त्यात त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही.

3 ऑगस्ट 2018च्या कायद्याने चुवाश ऐच्छिक झाली. मातृभाषेचा विषय कोणता, हे पालकांनी अर्जात लिहून द्यायचं, आणि कायद्याने त्या यादीत रशियनही ठेवली. बंदी कुठेच नाही, अर्ज मात्र दरवेळी भरावा लागतो. शेजारच्या तातार, मारी, उदमुर्त भाषांनाही हाच नियम.

[दृश्य: संगणकाचा कळफलक.]

चुवाश शिक्षणतज्ज्ञ इव्हान याकोव्लेव यांनी 1870च्या दशकात सिम्बिर्स्कला (आजचं उल्यानोव्स्क) चुवाश लिपीचा पाया घातला. आजच्या लिपीत रशियनपेक्षा चार अक्षरं जास्त आहेत, आणि नेहमीच्या रशियन कळफलकावर ती नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी त्यांच्यासारखी दिसणारी लॅटिन अक्षरं वापरली. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीच्या मजकुरात शोधून सापडत नाही, आणि शब्दलेखन तपासनीस बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो.

दुरुस्ती सोपी आहे: मजकुरातली ती लॅटिन अक्षरं खऱ्या चुवाश अक्षरांनी बदलायची. चार अक्षरं, लहान-मोठी धरून आठ बदल. फक्त फ्रेंच, रोमानियन नावं आधी बाजूला काढायची, नाहीतर त्यांतली अक्षरंही बदलून जातात.