चर खरवडू नका

नमस्कार श्रोतेहो.

मृग तोंडावर आला की आपल्या नाशिकमध्ये नालेसफाईची लगबग सुरू होते. पुढे गोदेला पूर आला की जो तो विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? आज मला बोलायचंय ते नदीला मिळण्याआधीच्या पाण्याबद्दल. गच्चीवरून, कॉलनीच्या रस्त्यावरून वाहणाऱ्या. ते वाहून नेण्यासाठी रस्त्याकडेला, कंपनीच्या आवारात, मैदानाच्या कडेला उथळ, पसरट, गवत असलेले चर काढतात. त्यांची निगा कशी राखायची, एवढाच विषय.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 100 मीटर लांब, 6 मीटर रुंद डांबरी रस्त्यावर 50 मिलिमीटर पडला, तर झाले 30,000 लिटर. दहा हजारांचे तीन टँकर, आणि हा एकाच गल्लीचा रस्ता. असं सगळं पाणी पायपातून थेट नाल्यात गेलं की नासर्डी, वाघाडी या गोदेला मिळणाऱ्या छोट्या नद्या एकदम फुगतात. सरस्वती नाला तर सराफ बाजाराखालून जातो; तिथल्या दुकानदारांना पुढचं सांगायला नकोच. गवताच्या चरात हेच पाणी रेंगाळतं, थोडं मुरतं, गाळ मागे ठेवून पुढे जातं.

आता साफसफाई. सोसायटीचे लोक जेसीबी बोलावतात, तो तासाभरात तळ खरवडून मोकळा होतो, चर कसा चकाचक दिसतो! आणि पहिल्याच वळवात त्याच्या मधोमध घळ पडते. उघडी काळी माती धरून ठेवायला मुळंच उरलेली नसतात. बकेटच्या दातांनी पडलेल्या खड्ड्यांत पाणी साचतं. माती ओली असताना यंत्र फिरलं असेल, तर ती दबून अशी बसते की पाणी मुरायचं नाव नको. माझं म्हणणं स्पष्ट आहे: चराला जेसीबी लावूच नये. विळा, खुरपं, फावडं, घमेलं आणि दोन माणसं पुरतात.

गवत चार बोटांपेक्षा खाली कापू नका. वीतभर झालं की वरचं कापा आणि कापलेलं उचला, नाहीतर तेच पुढे जाऊन तुंबतं. कोणतं गवत? हरळी. द्राक्षबागायतदार हसतील, कारण बागेत ती काढता काढता नाकी नऊ येतात. पण तिची हीच चिवट धावती खोडं आणि त्यांना फुटणारी मुळं चराचा तळ बांधून ठेवतात. गाजरगवत मात्र फुलण्याआधीच मुळासकट उपटा.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे चराचं तोंड, जिथे रस्त्याचं पाणी आत शिरतं. एकदा वाकून बघा. गुलमोहराची बारीक पानं, वाळू, गुटख्याच्या पुड्या यांचा चिकट थर बसलेला असतो. तीन-चार बोटं गाळाचा उंबरा तयार झाला की पाणी चरात उतरतच नाही, रस्त्यावरूनच धावतं. मग लोक म्हणतात, चर निकामी आहे! पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर हे तोंड घमेल्याने मोकळं करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत चर कोरडा व्हायला हवा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे दोन दिवसांचं पाणी निर्धोक. त्याहून जास्त टिकलं, तर कुठेतरी तळ खचलाय, माती दबलीय किंवा पुढची वाट बंद आहे. तेवढाच तुकडा सैल करून, उतार नीट करून पुन्हा हरळी लावा. आणि हो, चरात पेव्हर ब्लॉक टाकून गाडी लावायची जागा करणाऱ्यांशी वाईटपणा घ्यावाच लागतो, त्याला इलाज नाही.

राहिला गाळ. काढलेला गाळ चराच्या काठावरच ठेवलात, तर पुढच्या सरीत तो परत आत. त्यात गाड्यांचं तेल, टायरचा चुरा असतो, म्हणून भाजीच्या वाफ्यात तो घालू नका. प्लॅस्टिक वेचून घंटागाडीत द्या, आणि माती आवारातले खड्डे बुजवायला वापरा, चरापासून आणि विहिरीपासून लांब.

नमस्कार.