तुकड्यांत की अखंड? मूत्राशयातली गाठ काढण्याच्या दोन पद्धती

(दृश्य: दुर्बिणीतून दिसणारा मूत्राशयाचा आतला भाग)

हा मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, आतून. फिकट गुलाबी अस्तर आणि त्यावर पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या. उजवीकडच्या भिंतीवर, पाण्याच्या प्रवाहात हलणारी ही झुपकेदार वाढ म्हणजे कॅन्सर आहे.

या आजाराची सुरुवात बहुतेकदा अशी होते: एके दिवशी लघवी लाल होते. दुखत काहीच नाही. दोन दिवसांनी रंग पुन्हा साफ होतो आणि माणूस म्हणतो, उष्णता झाली असेल. पण रक्त थांबलं म्हणून गाठ गेली असं होत नाही. चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या कुणाच्याही लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी तपासणी व्हायलाच हवी. तंबाखूच्या धुरातली घातक रसायनं मूत्रपिंडं गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी तासन्‌तास याच अस्तराला लागून राहते.

(दृश्य: मूत्राशयाच्या भिंतीचा उभा छेद, आकृती)

पिशवी पूर्ण भरली की तिची भिंत ताणून जेमतेम तीन मिलिमीटर उरते. तेवढ्यात तीन थर असतात. आत अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या असलेला पातळ मऊ थर आणि मग स्नायू, ज्याला डॉक्टर डेट्रूसर म्हणतात. बाहेर चरबी.

गाठ फक्त अस्तरात असेल तर ती टीए. मधल्या थरात उतरली असेल तर टी-वन. स्नायूत शिरली असेल तर टी-टू, आणि इथे आजाराचं सगळं गणित पालटतं. अस्तरातली किंवा मधल्या थरातली गाठ दुर्बिणीतून काढून, पिशवीत औषध सोडून आटोक्यात ठेवता येते. स्नायूत शिरलेल्या गाठीसाठी बहुतेकदा अख्खी पिशवी काढावी लागते, किंवा केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र द्यावं लागतं. निदान होतं तेव्हा चारातले जवळपास तीन रुग्ण स्नायूच्या अलीकडे असतात. आपला रुग्ण त्या तिघांत आहे की चौथा आहे, हे ठरतं पहिल्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या मांसाच्या तुकड्यावरून. म्हणून हे ऑपरेशन उपचारही आहे आणि तपासणीही.

(दृश्य: जुन्या सिस्टोस्कोपची, म्हणजे पिशवीत पाहण्याच्या दुर्बिणीची, छायाचित्रं)

लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून पिशवीच्या आत पाहण्याची सोय मॅक्स निट्झे यांनी १८७७ साली जर्मनीतल्या ड्रेसडेनमध्ये दाखवली. नळीच्या टोकाशी प्लॅटिनमची तार तापवून उजेड केला होता आणि ती गार राहावी म्हणून पाणी फिरवावं लागत होतं. १९१० मध्ये न्यूयॉर्कचे एडविन बीअर यांनी याच वाटेने विजेचा प्रवाह नेऊन गाठी जाळल्या. तोवर बहुतेकदा पोट उघडावं लागे. पुढे १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांचं रिसेक्टोस्कोप, म्हणजे कापण्याची सोय असलेली दुर्बीण, आलं, जोसेफ मॅकार्थी यांनी ते सुधारलं, आणि तारेच्या छोट्या फासाने गाठ कापायची पद्धत रुळली. टीयूआरबीटी हे नाव आज फायलीवर दिसतं ते तिचंच. बोलण्यात मात्र तिला दुर्बिणीचं ऑपरेशनच म्हणतात.

(दृश्य: फास गाठीवरून फिरतो, तुकडे पाण्यात तरंगतात)

बघा, फास गाठीच्या पलीकडे जातो, सर्जन पेडल दाबून त्यात वीज सोडतो, फास अलीकडे येतो आणि एक चकती सुटते. मग दुसरी, तिसरी. वरचा भाग संपला की बूड खरवडायचं, रक्तस्राव शेकून थांबवायचा आणि सगळे तुकडे पाण्याबरोबर ओढून बाहेर काढायचे. हातात बसलेली, जगभर शिकवली जाणारी ही पद्धत आहे. तिने असंख्य पिशव्या वाचवल्या आहेत.

तरी तिच्यात एक मूळचा दोष आहे. कॅन्सरची गाठ फोडायची नाही, भोवतीच्या निरोगी कडेसकट काढायची, हा नियम सर्जन स्तनात पाळतात, आतड्यात पाळतात. मूत्राशयात मात्र आपण ती मुद्दाम फोडतो. सुटलेल्या पेशी पाण्यात फिरतात आणि भिंतीवर दुसरीकडे रुजू शकतात.

दुसरी अडचण पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे काढलेलं मांस तपासणाऱ्या डॉक्टरच्या, टेबलावर उभी राहते. बारीक चिरलेल्या कांद्यातून कुठला पापुद्रा बाहेरचा होता हे सांगता येत नाही, तशीच गत बरणीत आलेल्या त्या तुकड्यांची. कडा विजेने भाजलेल्या, वर-खाली कळत नाही, आणि स्नायू आलाय की नाही तेच शोधत बसावं लागतं. स्नायूच आला नसेल, तर गाठ स्नायूत शिरलेली नाही असं खात्रीने म्हणता येत नाही. अगदी सौम्य, वरवरची गाठ सोडली तर अशा वेळी रुग्णाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं. टी-वन गाठीसाठीही साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुसरं ऑपरेशन सांगितलं जातं, कारण त्या दुसऱ्या फेरीत बऱ्याच रुग्णांच्या पिशवीत गाठ शिल्लक सापडते. पुन्हा भूल, पुन्हा कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, पुन्हा खर्च आणि रजा. ज्याच्या घरात हे घडलंय त्याला यातला प्रत्येक शब्द कळेल.

(दृश्य: दुसरं ऑपरेशन. गाठीभोवती ठिपक्यांचं वर्तुळ)

आता ही दुसरी पद्धत पाहा. सर्जन गाठीला हातच लावत नाही. तिच्या कडेपासून पाच ते दहा मिलिमीटर दूर, निरोगी अस्तरावर तो ठिपके भाजून वर्तुळ आखतो. त्या रेषेवर छेद घेतो. स्नायूचे धागे दिसेपर्यंत खाली उतरतो आणि मग त्या पातळीवरून, थोडं कापत, थोडं ढकलत, गाठ बुडासकट उचलतो. अस्तर, मधला थर, स्नायूचा पापुद्रा आणि वरची गाठ, सगळं एका तुकड्यात सुटतं. या पद्धतीला एन ब्लॉक म्हणतात, म्हणजे अखंड.

ही कल्पना कालची नाही. जपानमध्ये १९८० च्या सुमारास आतड्यातले पॉलिप, म्हणजे मांसल वाढ, काढायचा फास वापरून असे प्रयत्न झाले होते. आज त्यासाठी होल्मियम किंवा थुलियम लेसर वापरतात, बायपोलर वीज वापरतात, किंवा पाण्याच्या बारीक धारेने थर फुगवून मग कापतात. साध्या तारेनेही हे जमतं.

(दृश्य: मांडीच्या मज्जातंतूची आकृती)

लेसरचा एक फायदा खरोखर मोठा आहे. पिशवीच्या बाजूच्या भिंतीला लागून ऑबट्युरेटर नावाचा मज्जातंतू जातो. तो मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंना चालवतो. तिथे विजेने कापताना प्रवाह त्याला लागला, तर कंबरेखाली भूल दिलेल्या रुग्णाचीही मांडी झटक्याने आत येते आणि हलत्या पिशवीत फास भिंतीपार जाऊ शकतो. लेसरमध्ये शरीरातून वीज जातच नाही, म्हणून हा झटका टळतो. विजेनेच कापायचं असेल, तर भूलतज्ज्ञ त्या मज्जातंतूला इंजेक्शन देऊन बधिर करतात किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करतात. भिंतीला भोक पडलं की कॅथेटर जास्त दिवस ठेवावा लागतो. शिवाय ऑपरेशननंतर चोवीस तासांच्या आत पिशवीत सोडायचा मायटोमायसिनसारख्या कॅन्सरच्या औषधाचा डोस देता येत नाही, कारण ते औषध भोकातून बाहेर झिरपून इजा करतं.

(दृश्य: आलेख)

मग अखंड पद्धतीने गाठ परत येण्याचं प्रमाण घटतं का? हाँगकाँगमध्ये तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ३५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. त्यातल्या २७६ जणांत स्नायूत न शिरलेला कॅन्सर पक्का झाला. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरात गाठ परत येण्याचं प्रमाण अखंड पद्धतीत २८.५ टक्के, तुकड्यांच्या पद्धतीत ३८.१ टक्के. ऑपरेशनला मात्र काही मिनिटं जास्त लागली.

युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या, २०२३ मध्ये आलेल्या चाचणीचं उत्तर वेगळं होतं. गाठ परत येण्यात फरक दिसला नाही. पण नमुन्यात स्नायू सापडण्याचं प्रमाण ७१ वरून जवळपास ८१ टक्क्यांवर गेलं आणि भिंतीला भोक पडण्याचं प्रमाण १२ वरून ५.६ टक्क्यांवर आलं.

तेव्हा परत येण्याच्या प्रश्नावर दोन चाचण्यांची दोन मतं आहेत, आणि एकाच चाचणीचा आकडा दाखवून रुग्णाला आश्वासन देणं मला पटत नाही. माझ्या मते अखंड पद्धतीची खरी ताकद पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर दिसते. तुकडा फोमवर ताणून टाचण्यांनी बसवता येतो. कडा मोकळ्या आहेत का, बूड मोकळं आहे का, टी-वन असेल तर गाठ मधल्या थरात नेमकी किती खोल गेली आहे, हे वाचता येतं. पिशवी ठेवायची की काढायची, हा निर्णय ज्या कागदावर घ्यायचा तो कागद स्पष्ट होतो.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. दुर्बिणीची बाहेरची नळी आठ-नऊ मिलिमीटर जाडीची असते. मऊ गाठ दाबून निघते, पण तीन सेंटिमीटरच्या वरची अखंड सुटली तरी बाहेर काढणं अवघड जातं आणि कधी शेवटी तिचे भाग करावेच लागतात. पिशवीच्या तोंडाशी, पुढच्या भिंतीवर किंवा मूत्रवाहिनीच्या छिद्राजवळ गाठ असेल तर हात अडतो. विखुरलेल्या अनेक छोट्या गाठी असतील तर अखंडचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आणि लेसर यंत्र प्रत्येक रुग्णालयात नसतं.

म्हणून गावाजवळच्या रुग्णालयात साध्या फासाने ऑपरेशन झालं, तर आपल्यावर कमी प्रतीचा उपचार झाला असं कुणी समजू नये. गाठीचा वरचा भाग, बुडातला स्नायू आणि कडा वेगवेगळ्या बरण्यांत पाठवणारा सर्जन तुकड्यांच्या पद्धतीतूनही पॅथॉलॉजिस्टला उत्तर मिळवून देतो. उलट, लेसर हातात असून स्नायूपर्यंत न उतरणारं ऑपरेशन रुग्णाला पुन्हा टेबलावरच आणतं.

(दृश्य: पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रतिकृती)

रिपोर्ट हातात आला की त्यात डेट्रूसर मसल हे शब्द शोधा. पुढे प्रेझेंट लिहिलंय की ॲबसेंट, ते पाहा. ॲबसेंट असेल, किंवा स्नायूचा उल्लेखच नसेल, तर पुढे काय करायचं हे डॉक्टरांना थेट विचारा. गाठ जास्त जोखमीची असेल तर लहान मुलांच्या दंडावर देतात तीच बीसीजी लस पिशवीत सोडण्याचा सल्ला मिळू शकतो. कॅनडातले अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार मांडला आणि आजही तो टिकून आहे.

गाठ कोणत्याही पद्धतीने काढलेली असो, तीन महिन्यांनी दुर्बिणीने पिशवी पुन्हा तपासायची असते. तोवर लघवी कितीही साफ असली तरी ती तारीख चुकवू नका.