उलटं स्केटिंग: नाशिकच्या रिंकवरून

[दृश्य: डिसेंबरची सकाळ, नाशिकमधली एक उघडी रिंक. कोब्यावर फडकं फिरतं आहे.]

निफाडचा पारा उतरला, की नाशिकच्या उघड्या रिंकवरही पहाटे दव धरतं. ओल्या कोब्यावर पॉलियुरेथेनच्या चाकांची पकड सुटते. आज उलटं जायला शिकायचं आहे, म्हणून जमीन आधी कोरडी करून घ्यायची.

पुढे जाताना एका पायावर तोल राहतो आणि टी-स्टॉपने, म्हणजे मागचा पाय आडवा घासत, थांबता येतं, असं कोणीही या धड्याला तयार आहे. चाकं ७६ ते ८० मिमीची पुरतात. लहान मुलांना त्याहून छोटी. शर्यतीचे ११० मिमी चाकांचे लांब स्केट या कामाला नकोत, ते वळायला जड जातात.

[दृश्य: उजव्या स्केटच्या टाचेवरचा ब्रेक पान्याने काढला जातो.]

इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या, स्केटच्या टाचेमागचा रबरी ब्रेक काढून ठेवलेला बरा. उलटं जाताना पंजा जरा उचलला गेला, तरी तो जमिनीला घासतो आणि माणूस पाठीवर पडतो. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड इथे सक्तीचेच, कारण मागे पडताना हात आपोआप मागे टेकला जातो.

[दृश्य: जमिनीवर खडूने एकापुढे एक काढलेले लिंबाचे आकार.]

पहिली हालचाल अशी. पायांचे अंगठे एकमेकांकडे, टाचा बाहेर. गुडघे वाकवायचे आणि चाकांच्या आतल्या कडेवर दाब देऊन दोन्ही पाय बाजूला ढकलायचे. चाक आडवं फिरत नाही, त्याच्या लांबीच्या दिशेनेच जातं. त्यामुळे बाजूला दिलेला हा जोर शरीराला मागे नेतो. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकले, की टाचा आत वळवायच्या, मांड्यांच्या आतल्या स्नायूंनी पाय जवळ ओढायचे आणि गुडघे हळूहळू सरळ करायचे. एक लिंबू पूर्ण झालं.

इथे बहुतेक जण अडकतात ते पाय जवळ आणताना. पाय फार फाकले, तर मांड्यांना ते ओढून घेता येत नाहीत. गुडघे ताठ असले, तर ढकलायला जोरच उरत नाही. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त ढकलत असेल, तर वाट सरळ न राहता गोल फिरते. खडूच्या रेषेकडे बघितलं, की कमजोर पाय कोणता ते लगेच कळतं.

मागे जायचं म्हणून वजनही मागे न्यावं, असं शरीराला वाटतं. पडझड होते ती इथूनच. वजन तळव्याच्या मध्यावर, किंचित पंजाकडे हवं, आणि नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. कमरेत वाकून हे साधत नाही. गुडघे आणि घोटे वाकावे लागतात.

[दृश्य: कोच मागे उभे राहून हाताची बोटं दाखवतात, मुलगी न थांबता आकडा सांगते.]

मान खांद्यावरून वळवून मागे बघायचं. चाकांकडे बघितलं, तर पाठ वाकते आणि तोल जातो. म्हणून कोच मागे उभे राहून बोटं मोजायला लावतात. फार साधा सराव आहे, पण आम्हाला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

थांबायला वेगाआधी शिकायचं. क्वाडवर, म्हणजे पुढे-मागे चाकांची एकेक जोडी असलेल्या स्केटवर, दोन्ही पंजांपुढच्या टो-स्टॉप नावाच्या रबरी ठोकळ्यांवर उठलं, की काम होतं. १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी कललं की वळणारा चारचाकी स्केट पेटंट केला, त्याच घराण्यातले हे क्वाड. इनलाइनवर मात्र टाचा जवळ, पंजे बाहेर असा व्ही करून आतल्या कडा दाबायच्या. वेग हळूहळू उतरतो, म्हणून मागे मोकळी जागा लागते.

औली किंवा गुलमर्गच्या बर्फावर उलटं स्की करायचं असेल, तर हाच व्ही तिथे चालतो: स्कीची मागची टोकं जवळ, पुढची लांब. स्की मात्र दोन्ही टोकांना वर वळलेली घ्यावी. साध्या स्कीचं सपाट मागचं टोक मऊ बर्फात रुततं.

[दृश्य: चाकं काढून नव्या जागी बसवली जातात.]

या सरावाने चाकांची आतली कडच जास्त झिजते. त्यामुळे पहिलं चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी लावायचं, डावी-उजवी अदलाबदल करायची आणि झिजलेली बाजू बाहेर ठेवायची. बोल्ट आवळल्यावर प्रत्येक चाक बोटाने फिरवून बघायचं. अडखळलं, तर बेअरिंगमध्ये धूळ गेलेली असू शकते.