नोंदवहीतली कोरी जागा

(नाशिक येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटेसे वर्कशॉप आहे. तिथली ड्रॉइंग्ज ज्या लिनक्स वर्कस्टेशनवर होतात, ते गेल्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीनंतर हटकून अडकू लागले. माउस फिरत असे, उघडलेले ड्रॉइंग दिसत असे, पण जतन करायला गेले की 'फाइल सिस्टिम रीड-ओन्ली आहे', म्हणजे फाइली फक्त वाचता येतील, लिहिता येणार नाहीत, असे उत्तर येई. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी विजेला. मी डिस्कला दिला आणि घाईच्या भरात नवी डिस्क बसवली, रॅमची पट्टी बदलली, वर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही अद्ययावत केला. आठ दिवस सुरळीत गेले आणि नवव्या दिवशी दुपारी ऑपरेटर दारात येऊन म्हणाला, "साहेब, परत अडकलं."

तीन उपाय एका दमात केल्यामुळे ते आठ दिवस कशाच्या पुण्याईने मिळाले होते, हे सांगण्याची सोय मी स्वतःच घालवून बसलो होतो.

मग उशिरा सुचलेले शहाणपण म्हणून यंत्र स्वतःच ठेवते त्या नोंदी उघडल्या. जर्नलसीटीएल या आज्ञेला 'वजा बी, वजा एक' असे सांगितले, की जर्नल, म्हणजे ही नोंदवही, डिस्कवर साठवले जात असेल तर यंत्र मागच्या खेपेला चालू होते तेव्हाच्या नोंदी दिसतात. आमच्या नोंदी दुपारी 2 वाजून 10 मिनिटांपर्यंत अगदी शांतपणे चालत आल्या होत्या आणि तिथेच संपल्या होत्या. काही घडलेच नाही, असा अर्थ मी काढला, आणि तो साफ चुकीचा होता. आमची ईएक्सटी4 फाइल सिस्टिम चूक आढळताच लिखाण थांबवेल अशी मांडलेली होती आणि जर्नलही त्याच डिस्कवर होते. गोदावरीच्या पुराची पातळी टिपणाऱ्याची वहीच पाण्यात गेली, तर त्या रात्री पूर आला नाही असे नाशिकमध्ये तरी कुणी म्हणणार नाही.

तेव्हा साक्षीदार डिस्कबाहेर उभा करणे भाग होते. शेजारच्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमार्गे, यंत्रात शिरलो आणि डीमेसेज ही आज्ञा नवे संदेश दाखवत राहील अशी सकाळीच चालू करून ठेवली. ती कर्नलच्या मेमरीतले संदेश वाचते, त्यामुळे डिस्क गेली तरी तिचे अडत नाही. मात्र ती आधीच चालू हवी, कारण डिस्क गेल्यावर आज्ञा उचलायची कुठून? दुपारी ओळी धावू लागल्या. सीआरसीची चूक, लिंक रीसेट (डिस्कशी जोडणी नव्याने करणे), पुन्हा चूक. कर्नलने डिस्कशी बोलण्याचा वेग सेकंदाला 6 गिगाबिटवरून 3 वर आणि मग दीडवर आणला, आणि शेवटी डिस्कचा नाद सोडला.

सीआरसी म्हणजे काय, हे लासलगावला कांदा नेणाऱ्यांना सांगायला नको. ट्रॅक्टर निघताना वजन होते, पोहोचल्यावर पुन्हा होते, आणि दोन्ही पावत्या जुळल्या नाहीत तर वाटेत काहीतरी झाले असे धरतात. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कचे स्वतःचे आकडे काढले तेव्हा हेच दिसले: बाद झालेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या कप्प्यांचा, 5 क्रमांकाचा आणि संशयित सेक्टरांचा 197 क्रमांकाचा रकाना शून्यावर होता, पण वाटेतल्या चुका मोजणारा 199 क्रमांकाचा रकाना, तोही नव्याकोऱ्या डिस्कचा, 312 वर पोहोचला होता. म्हणजे दोष डिस्क यंत्राला जोडणाऱ्या साटाच्या केबलीत असण्याची शक्यता मोठी होती. डिस्क बदलताना तीच केबल काढून पुन्हा घट्ट बसवली गेली होती; ते आठ दिवस बहुधा तिथून आले. शेजारचा पॉवर प्रेस जेवणानंतर सुरू होतो आणि त्याच्या हादऱ्यांनी ती सैल होत असावी असा माझा कयास आहे, पण तो मी तपासलेला नाही.

या वेळी फक्त केबल बदलली, अडकपट्टी असलेली. जुनी डिस्क भंगारात जाता जाता वाचली, आता बॅकअपला लावली आहे. 199 चा आकडा दुरुस्तीनंतरही मागे येत नाही, तो वाढतो का एवढेच पाहायचे असते, म्हणून आमचा ऑपरेटर दर सोमवारी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. या सोमवारीही त्याने 312 च लिहिले आहे.